थुंबाच का?

सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचा भाग ठेवून निघालेली माणसं. थुंब्याचा हा फोटो तुमच्याही व्हॉट्सॲपवर येऊन गेला असेल. खाली गरिबी आणि जिद्द यांवर दोन ओळी असतात. केरळच्या किनाऱ्यावरचं ते मच्छीमारांचं गावच का निवडलं, हे मात्र क्वचितच असतं.

उत्तर होकायंत्राच्या सुईत आहे.

१७२२ मध्ये लंडनचा घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम याच्या लक्षात आलं, की सुई दिवसभर स्थिर राहत नाही. थोडी सरकते आणि परत येते. १८८२ मध्ये बाल्फर स्टुअर्टने कारण सुचवलं: वरच्या हवेत वीज वाहत असावी आणि तिचं चुंबकत्व खाली जाणवत असावं.

१९२२ मध्ये पेरूत वांकायोला वेधशाळा सुरू झाली. हे गाव चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे. या रेषेवर मोकळी टांगलेली सुई जमिनीला समांतर राहते. तिथली दुपारची वाढ इतर ठिकाणांच्या दुपटीहून जास्त निघाली. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर, उन्हाने विद्युतभारित झालेल्या हवेतून पूर्वेकडे जाणारा एक अरुंद, जोरदार प्रवाह. १९५१ मध्ये सिडनी चॅपमनने त्याला ‘इलेक्ट्रोजेट’ म्हटलं. दुपारच्या सुमारास तो भरात असतो, रात्री जवळजवळ नाहीसा होतो. मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, दिवस-रात्र समान असताना, त्याचा जोर सर्वाधिक असतो.

आता अडचण बघा. १०० किलोमीटरवर बलून पोचत नाही आणि इतक्या खाली उपग्रह टिकत नाही. तिथे जायचं तर रॉकेटच हवं, आणि तेही त्या रेषेजवळून. भारतात ही रेषा दक्षिण टोकाजवळून जाते. म्हणून थुंबा. २१ नोव्हेंबर १९६३ ला पहिलं रॉकेट उडालं आणि पुढच्याच वर्षी मॅग्नेटोमीटर घेऊन गेलेल्या रॉकेटांनी तो प्रवाह गाठला.

या गोष्टीत अलिबागही आहे. दुपारच्या वाढीत इलेक्ट्रोजेटचा वाटा किती, हे एकट्या दक्षिणेच्या आकड्यावरून कळत नाही, कारण वरच्या हवेतला साधा प्रवाह सगळीकडेच असतो. म्हणून तिरुनेलवेलीच्या आकड्यातून अलिबागचा आकडा वजा करतात. अलिबाग त्या पट्ट्याबाहेर आहे. उरतो तो इलेक्ट्रोजेट.

कुलाब्यात १८४० च्या दशकापासून अशा नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर सुया बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे प्रमुख नानाभाय मूस यांनी १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आणि नवे आकडे जुळवता यावेत.

सर्व्हर बदलताना आम्हीही जुना आणि नवा काही दिवस सोबत चालवतो. मूसांनी दोन वर्षं चालवले. ट्रामा १९६४ मध्ये बंद झाल्या. अलिबागची नोंद अजून चालू आहे.