ध्वनितरंग आणि श्रवण

कंप पावणाऱ्या वस्तूमुळे माध्यमाच्या दाबात चढउतार होतात आणि ते पुढे सरकत जातात, हाच ध्वनितरंग. तार, पडदा किंवा घशातील स्वरपटल लगतची हवा आलटूनपालटून दाबते आणि सैल सोडते. दाबलेल्या थराला संपीडन म्हणतात, सैल थराला विरलन. हवेचे कण जागच्या जागी पुढेमागे हलतात, पुढे जाते ती फक्त ऊर्जा. माध्यमाशिवाय ध्वनी नाही, म्हणून निर्वातातून तो जात नाही.

२०° सेल्सिअस तापमानाच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; तापमान एका अंशाने चढले की हा वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पाण्यात तो जवळजवळ १,५०० मीटर असतो. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) हवेतील वेगाचे गणित मांडले, पण उत्तर सुमारे १५ टक्क्यांनी कमी आले. दाबलेली हवा तापते, सैल झालेली थंडावते आणि एवढ्या झपाट्यात ती उष्णता इकडेतिकडे जायला सवडच मिळत नाही, हे लाप्लासने १८१६ मध्ये लक्षात आणून दिले आणि हिशेब जुळला. रात्री दूरच्या वाडीतले भजन स्पष्ट ऐकू येते, त्यामागेही तापमानच असते. जमीन निवल्यावर तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. वरच्या थरात तरंग अधिक वेगाने जातो आणि वळून पुन्हा जमिनीकडे येतो.

आपल्या संगीतशास्त्रात नादाचे तीन गुण सांगितले जातात आणि तिन्ही भौतिकीत नेमके बसतात. उच्चनीचता वारंवारितेवर, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येवर ठरते. तिचे एकक हर्ट्झ. लहानमोठेपण दाबाच्या चढउताराच्या प्रमाणावर अवलंबून असते. तिसरा गुण, नादाची जात, हा सर्वांत समृद्ध. एकाच स्वरातली बासरी आणि सारंगी आपण डोळे मिटून ओळखतो, कारण मूळ कंपनासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे उपस्वर उमटत असतात आणि त्यांचे मिश्रण प्रत्येक वाद्यात निराळे असते. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीच्या माथ्याला अगदी हलका उतार देतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते आणि वरचे उपस्वर खुलतात. खर्जाच्या पाचपट वारंवारितेचा उपस्वर गंधाराचा असतो. म्हणून गंधाराची तार नसतानाही चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. ताणलेल्या साध्या चामड्याचे उपस्वर असे पूर्ण पटीत नसतात, त्यामुळे बहुतेक ढोलांना निश्चित स्वर नसतो. तबल्याची शाई हे बदलते. तिच्या वजनामुळे पहिले काही उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. ज्या कारागिरांनी केवळ कानाच्या भरवशावर शाईचे थर घोटत ही जुळणी साधली, त्यांना ध्वनिशास्त्राच्या इतिहासात मानाचे स्थान द्यायलाच हवे.

निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात; हवेतील तरंगलांबीत सांगायचे तर सुमारे १७ मीटरपासून १७ मिलिमीटरपर्यंत. कर्णनलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते आणि तिच्या अनुनादामुळे ३,००० हर्ट्झच्या आसपास कान विशेष तीक्ष्ण असतो.

कर्णपटलाच्या आत मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही शरीरातील सर्वांत लहान हाडे असतात. त्यांचे काम मोठे आहे. आंतरकर्णात द्रव असतो, आणि हवेतला ध्वनी थेट द्रवावर आदळला तर जवळजवळ सगळा परावर्तित होतो. मोठ्या कर्णपटलावरचा जोर रिकिबीच्या चिमुकल्या तळव्यावर एकवटल्याने आणि हाडांच्या तरफेमुळे दाब वीसएक पटींनी वाढतो आणि तरंग द्रवात शिरतो.

पुढचा टप्पा कर्णावर्ताचा. गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या या नळीत सुमारे ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा असतो; रिकिबीजवळ अरुंद आणि ताठ, शेवटाकडे रुंद आणि लवचीक. उंच स्वरांनी त्याचा आरंभ जास्त हलतो, खालच्या स्वरांनी शेवट. म्हणजे मिसळून आलेला ध्वनी कान इथे पुन्हा सुटा करतो. या पडद्यावरील प्रवासी तरंगाच्या शोधासाठी गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पडद्यावरील केशपेशींपैकी आतली रांग मेंदूला संदेश देते. बाहेरच्या रांगा स्वतः लांब-आखूड होऊन क्षीण कंपने वाढवतात. या हालचालीतून कान स्वतःही अतिशय सूक्ष्म ध्वनी बाहेर सोडतो. डेव्हिड केंप यांनी १९७८ मध्ये तो नोंदवला आणि आज नवजात बाळांच्या श्रवणचाचणीत त्याचा उपयोग केला जातो.

ऐकू येणारा सर्वांत क्षीण ध्वनी हवेच्या दाबात फक्त पाचशे कोटीव्या भागाचा फरक करतो. ही पातळी शून्य डेसिबेल धरतात. दर १० डेसिबेलला तीव्रता दहापट होते, त्यामुळे १२० डेसिबेलचा आवाज शून्य पातळीच्या एक लाख कोटी पट तीव्र असतो. ८५ डेसिबेलच्या वर रोज तासन्‌तास राहणे कानाला घातक आहे. आधी उंच स्वर टिपणाऱ्या केशपेशी जातात; त्यामुळे स, श यांसारखी व्यंजने निसटतात आणि ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार सुरू होते. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करते, पण गेलेल्या पेशींचे स्वर वेगळे करण्याचे काम ते पूर्णपणे भरून काढू शकत नाही. ढोलताशा पथकांतील वादकांनी आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीजवळ उभे राहणाऱ्यांनी कानात संरक्षक बोळे घालावेत आणि लहान मुलांना तिथून दूर ठेवावे.