परवाना हाती, खुर्ची दूर

जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला, तो मुंबई फ्लाइंग क्लबात शिकून. भारतात दिला गेलेला हा पहिला परवाना. त्याचा क्रमांकही १ होता. साडेतीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ला, त्यांनी स्वतः पुस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. या नव्या टपालसेवेकडे विमाने दोन आणि वैमानिक तीन : टाटा, नेव्हिल व्हिन्सेंट आणि होमी भरुचा. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली गेले की मुक्काम पुण्याला हलवावा लागे. विमान चालवून पोट भरू पाहणाऱ्या तरुणाला अशा कारभारात जागा कुठून मिळणार?

वैमानिकाच्या पेशाची ही जुनी अडचण. परवाना मिळवणे एक, नोकरी मिळवणे वेगळेच.

सरला ठकराल यांनी १९३६ साली, एकविसाव्या वर्षी, लाहोरला जिप्सी मॉथ एकटीने उडवले, तेही साडी नेसून. घरी चार वर्षांची मुलगी होती. पती टपालविमानांचे वैमानिक. पुढे हजार तास उड्डाण करून त्यांनी व्यावसायिक परवान्याचा ध्यास घेतला. १९३९ साली पती विमान अपघातात गेले. त्यानंतरही त्या प्रशिक्षणासाठी जोधपूरला गेल्या, पण महायुद्ध पेटले आणि नागरी प्रशिक्षणच थांबले. सरलाबाई लाहोरला परतल्या, चित्रकला शिकल्या आणि पुढे त्याच वाटेवर उभ्या राहिल्या. हजार तास गाठीशी असलेली ही वैमानिक प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये कधीच बसली नाही, याची हळहळ आजही वाटते.

युद्ध संपल्यावर चित्र पालटले. अमेरिकी सैन्याची डकोटा विमाने स्वस्तात विक्रीला आली आणि देशात हवाई कंपन्या भराभर उभ्या राहिल्या. मात्र युद्धात तयार झालेले अनुभवी वैमानिकही याच नोकऱ्या शोधत होते. त्या गर्दीत १९४७ साली प्रेम माथुर यांनी अलाहाबादला व्यावसायिक परवाना मिळवला. आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला. बाई विमान चालवते आहे हे कळले तर प्रवासी घाबरतील, असे कारण त्यांना ऐकवले गेले. अखेर निजाम आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. डावी खुर्ची, म्हणजे कॅप्टनची जागा, तिथे काही मिळाली नाही. धाडस त्यांच्यात भरपूर होते. १९४९ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनीच जिंकली होती. कमी पडली ती कंपन्यांची हिंमत.

१९५३ साली राष्ट्रीयीकरण झाले. डेक्कनसह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या आणि अर्ज करायला दारे फार थोडी उरली. फ्लाइंग क्लबातून परवाना घेतलेले कित्येक तरुण तिथेच साहाय्यक प्रशिक्षक होऊन उड्डाणाचे तास जमवत राहिले, भरती निघण्याची वाट पाहत. स्त्रियांची प्रतीक्षा तर आणखी लांबली. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता–सिल्चर मार्गावर फॉकर फ्रेंडशिपचे नेतृत्व केले. सोबतच्या सहवैमानिक निवेदिता भसीन. कॉकपिटमध्ये फक्त स्त्रिया असलेले हे देशातले पहिले प्रवासी उड्डाण. प्रेम माथुर यांच्या परवान्याला तोवर अडतीस वर्षे झाली होती.

नव्वदीत खासगी कंपन्यांना वाट मोकळी झाली आणि जागा वाढल्या, तशी खर्चाची कात्रीही आली. दोनशे तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना मिळतो. मात्र एअरबस किंवा बोइंगमध्ये बसायचे तर त्या विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग वेगळे घ्यावे लागते आणि अनेकदा त्याचे लाखो रुपये उमेदवारालाच भरावे लागतात. इतके करून बसायला मिळते ते उजव्या खुर्चीत. डावीकडे सरकण्यासाठी लागणाऱ्या परवान्याला दीड हजार तास हवेत, आणि ते जमवायचे तर आधी कुणीतरी नोकरी द्यावी लागते.