पंचवीस लाईट

मुलुंड-घाटकोपरकडून परळला जाणाऱ्या लोकलमध्ये दिव्यांग आणि कर्करुग्णांचा डबा असतो. तिथे ओळख आकड्यांवरून होते. ‘‘किती लाईट झाल्या?’’ ‘‘सतरा. पंचवीस सांगितल्यात.’’ एवढ्यात सगळं समजतं.

केसपेपरवर या उपचाराला रेडिओथेरपी म्हणतात, पुस्तकात किरणोपचार. रुग्णांनी मात्र आपली नावं ठेवली: कुणी शेक म्हणतं, कुणी करंट, कुणी लाईट. घरगुती नावं अशीच पडतात, ओळखीच्या वस्तूचं नाव अनोळखी वस्तूला चिकटतं. पण या तिघांतलं एकच नाव खऱ्या कुळातलं आहे.

कुळाची सुरुवात ८ नोव्हेंबर १८९५ ची. जर्मनीत व्युर्त्सबुर्गला विल्हेल्म राँटगेन यांना काळ्या कागदातून आरपार जाणारे किरण सापडले. ते कसले, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. म्हणून बीजगणितातल्या अज्ञात संख्येचं अक्षर त्यांनी किरणांना दिलं. मराठी बीजगणितात ती जागा ‘क्ष’ची, म्हणून आपले क्ष-किरण. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांना रेडियम सापडलं. क्ष-किरणांनी आणि रेडियमच्या किरणांनी कातडी भाजते हे लवकरच दिसलं, आणि जे कातडी भाजतं ते गाठही जाळेल, असा तर्क डॉक्टरांनी लढवला.

मुंबईत हे कूळ एका दुःखातून रुजलं. १९३१ मध्ये लेडी मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. परदेशात त्यांच्यावर झाले तसे उपचार इथे मिळावेत, ही पती सर दोराबजींची इच्छा होती. पुढच्याच वर्षी तेही गेले. इच्छा त्यांच्या विश्वस्तांनी पुरी केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. रुग्णालय अणुवाल्यांच्या हाती कसं, असं वाटेल. पण लाईट तिथूनच येणार होती. उपनगराच्या टोकाला, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लाईट देणारं कोबाल्ट-६० चं देशी यंत्र घडलं. होमी भाभांच्या नावावरून त्याला ‘भाभाट्रॉन’ म्हटलं गेलं आणि पहिलं यंत्र २००५ मध्ये टाटाच्याच खारघरच्या केंद्रात बसलं.

आता नावांची पारख करू. शेक म्हणावं तर यंत्राखाली ऊब लागत नाही. उलट हे नाव घात करू शकतं: शेकच तर आहे, म्हणून घरी त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली की आधीच नाजूक झालेली कातडी सोलवटते. करंट म्हणावं तर अंगात वीज शिरत नाही, झटका बसत नाही. नावाची भीती तेवढी बसते. लाईट मात्र खरी. क्ष-किरण, कोबाल्टचे गॅमा किरण आणि खिडकीतलं ऊन ही एकाच घराण्यातली भावंडं. फरक फक्त ताकदीचा. ही थोरली भावंडं पेशीच्या आत शिरून डीएनए तोडतात. आणि दिवा मालवला की खोलीत उजेड उरत नाही, तसं बाहेरून लाईट घेतल्यावर अंगात काही उरत नाही. घरी येऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

मग एकदम न देता पंचवीस का? १९२० च्या दशकात पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी एडक्यांवर प्रयोग केले. वृषणातल्या भराभर वाढणाऱ्या पेशी एका दणक्यात मारायच्या तर वरची कातडीही जळे. तोच मारा हप्त्यांनी दिला की पेशी मरत आणि कातडी तगे. निरोगी पेशी रातोरात डागडुजी करतात, कर्कपेशींना ती तितकी साधत नाही. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, हा हिशेब त्यातून आला. आता काही आजारांत पंधरा लाईट पुरतात. हाडाचं दुखणं शमवायला कधी एकच. म्हणून ‘किती’च्या आधी डॉक्टरांना ‘कशासाठी’ विचारावं: गाठ घालवायला, शस्त्रक्रियेनंतर उरलंसुरलं टिपायला, की दुखणं कमी करायला? आकड्याचा अर्थ त्या उत्तरात असतो.

राहिलं केसपेपरवरचं नाव. रेडिओथेरपीतला ‘रेडिओ’ लॅटिन ‘राडियुस’वरून आला. त्याचा अर्थ किरण, आणि चाकाचा आराही. यंत्र रुग्णाभोवती फिरून वेगवेगळ्या बाजूंनी मारा करतं ते या आऱ्यांसारखंच. प्रत्येक वाटेवरच्या कातडीला थोडी थोडी झळ, आणि सगळे आरे मिळतात तिथे, मधोमध, गाठ.