छपराखालचा धंदा

गावठाणांच्या ड्रोन मोजणीची चाचणी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने अशाच मोजणीसाठी स्वामित्व योजना सुरू केली. आधी घरांच्या हद्दी चुन्याने आखायच्या, मग भारतीय सर्वेक्षण विभागाने छायाचित्रं घ्यायची आणि नकाशा जागेवर पडताळायचा, असा क्रम ठरला.

ही पडताळणीच खरी महत्त्वाची.

ड्रोनच्या छायाचित्रात दिसणारं संगमनेर परिसरातलं लांबट पत्र्याचं छप्पर गोठ्याचं की कोंबड्यांच्या शेडचं? शेजारी कडब्याची गंजी आणि उकिरडा दिसला, तर गोठा म्हणायला हरकत नाही. पण विडी हा इथला जुना धंदा, आणि तो घराघरांत चालतो. मांडीवर सूप घेऊन बायका तेंदूच्या पानात तंबाखू भरतात, दोऱ्याने विडी बांधतात. वरून ते निव्वळ राहतं घर दिसतं. धंद्याची नोंद करायची तर उंबऱ्याशी जाऊनच विचारावं लागतं.