संदर्भ : कार्यप्रणालीसाठी सुरक्षित संगणक भाषेची निवड

लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नलमध्ये, रस्ट या संगणक भाषेचा वापर यापुढे प्रायोगिक मानला जाणार नाही, असा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये टोकियो येथे झालेल्या लिनक्सच्या प्रमुख विकासकांच्या बैठकीत घेण्यात आला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभ केलेला हा गाभा तीन दशके जवळजवळ संपूर्णपणे सी भाषेत लिहिला गेला. अँड्रॉइड भ्रमणध्वनी आणि जगातील बहुसंख्य महासंगणक याच गाभ्यावर चालतात. त्यामुळे या निर्णयाचा संबंध केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित नाही.

सी भाषेचे स्थान

कार्यप्रणाली, अर्थात ऑपरेटिंग सिस्टीम, ही संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावर चालणाऱ्या इतर आज्ञावल्या यांच्यातील मध्यस्थ असते. मेमरीतील कोणता भाग कोणत्या आज्ञावलीने वापरावा, हे तीच ठरवते. पूर्वी अशा प्रणाली मुख्यतः विशिष्ट यंत्राच्या असेंब्ली भाषेत लिहिल्या जात आणि यंत्र बदलले की बरेचसे काम नव्याने करावे लागे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी भाषा विकसित केली आणि १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा तीत पुन्हा लिहिण्यात आला. वेग फारसा न गमावता एकच आज्ञावली निरनिराळ्या यंत्रांवर नेणे यामुळे सुकर झाले. विंडोजचा गाभाही प्रामुख्याने सी भाषेतच लिहिला गेला.

सी भाषा प्रोग्रामरला मेमरीतील पत्त्यांवर थेट अधिकार देते. तो अधिकार योग्य रीतीने वापरला जातो किंवा नाही, याची तपासणी मात्र ती करत नाही. ती जबाबदारी पूर्णतः प्रोग्रामरवर असते.

त्रुटी कशी उद्भवते?

नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेला 'मॉरिस वर्म' हे याचे पहिले ठळक उदाहरण होय. युनिक्समधील एका सेवेने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइट जागा राखून ठेवली होती. या वर्मने तिला ५३६ बाइटचा मजकूर पाठवला. सी भाषेत लिहिलेल्या त्या सेवेने लांबी न तपासताच तो स्वीकारला. जादा मजकूर शेजारच्या जागेत लिहिला गेला आणि संगणक घुसखोराच्या सूचनांप्रमाणे वागू लागला.

वापरून परत केलेली जागा पुन्हा वापरणे, हा त्रुटीचा दुसरा प्रकार आहे. दरम्यानच्या काळात ती जागा दुसऱ्या कामासाठी दिली गेली असल्यास एका कामाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडते. साधारण आज्ञावलीत अशी चूक झाली तर नुकसान बहुधा त्या आज्ञावलीपुरते राहते. गाभ्यात झाली तर संपूर्ण संगणकाचा ताबा जाऊ शकतो.

मे २०१७ मधील 'वॉनाक्राय' हल्ल्यात नेमके हेच घडले. विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या सेवेत, माहितीसाठी किती जागा लागेल याचे गणित एका ठिकाणी चुकत होते. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती उपलब्ध करून दिली होती. परंतु असंख्य संगणकांवर ती बसवली गेली नव्हती. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांना शस्त्रक्रिया व तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या' हल्ल्याच्या प्रसाराचा एक मार्गही हीच त्रुटी होती. त्या हल्ल्याचा फटका मर्स्क समूहाला बसला आणि मुंबईनजीकच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील या समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले.

मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, कंपनीच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी मेमरीच्या हाताळणीशी संबंधित होत्या. गुगलच्या क्रोमियम प्रकल्पानेही २०२० मध्ये गंभीर त्रुटींबाबत जवळपास हेच प्रमाण नोंदवले. अनुभवी प्रोग्रामर आणि कडक तपासणी असूनही हे प्रमाण टिकून राहिले, ही बाब महत्त्वाची आहे.

पर्याय कोणते?

जावासारख्या भाषांत अशा बहुतेक चुकांना वाव नसतो. मात्र त्यांत वापरून झालेली मेमरी गोळा करण्यासाठी एक स्वतंत्र यंत्रणा सतत कार्यरत असते. ती मध्येच वेळ घेते आणि तिलाच खाली आधार देणारी प्रणाली लागते. म्हणून कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी त्या सहसा निवडल्या जात नाहीत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पुरस्कृत केलेली आणि १९८३ मध्ये प्रमाणित झालेली एडा भाषा जागेच्या मर्यादा तपासते. विमान व संरक्षण क्षेत्रात ती रुजली. सर्वसामान्य कार्यप्रणालींत तिचा प्रसार झाला नाही.

ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे मोझिलाने पाठबळ दिलेल्या रस्ट भाषेची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. या भाषेत मेमरीतील प्रत्येक गोष्टीला एका वेळी एकच मालक असतो. मालकाचे काम संपले की जागा आपोआप परत होते. एकाच वेळी अनेकांना ती केवळ वाचता येते किंवा एकालाच बदलता येते. हे नियम मोडणारी आज्ञावली कंपायलर स्वीकारतच नाही. बहुतेक तपासणी आधीच होत असल्याने वेग जवळपास सी भाषेइतका राहतो.

अनुभव आणि मर्यादा

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला प्रथम स्थान मिळाले. अँड्रॉइडचा अनुभव त्याआधीचा आहे. गुगलने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, अँड्रॉइडमधील सुरक्षा त्रुटींत मेमरीविषयक त्रुटींचे प्रमाण २०१९ मधील ७६ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आले. यासाठी जुनी आज्ञावली सरसकट पुन्हा लिहावी लागली नाही. नवी आज्ञावली सुरक्षित भाषेत लिहिण्यावर भर देण्यात आला. जुन्या भागांतील त्रुटी काळानुसार सापडून दुरुस्त होतात, नव्या त्रुटी मुख्यतः नव्याने लिहिलेल्या भागांत असतात, असे आढळले.

तथापि, भाषा बदलल्याने सर्व धोके टळत नाहीत. तर्कातील चुका आणि दुबळे पासवर्ड कोणत्याही भाषेत तसेच राहतात. यंत्रसामग्रीशी थेट बोलताना रस्टमध्येही काही भागांत कंपायलरची हमी बाजूला ठेवावी लागते. लिनक्समधील रस्ट आज्ञावलीतील पहिली नोंदवलेली सुरक्षा त्रुटी डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली, ती अशाच भागाशी निगडित होती. एकाच गाभ्यात दोन भाषा सांभाळण्याचा भार कोणी वाहावा, यावर विकासकांत तीव्र मतभेदही झाले आहेत.

भारतात सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' प्रणाली लिनक्सवर, तर २०२३ मध्ये सादर झालेली 'भारओएस' अँड्रॉइडच्या मुक्त प्रकल्पावर आधारित आहे. गाभ्यातील उणिवा व सुधारणा अशा प्रणालींपर्यंतही पोहोचतात. लिनक्सच्या कोट्यवधी ओळी आजही सी भाषेतच असून त्या दीर्घकाळ तशाच राहतील. त्यामुळे नव्या भागांसाठी सुरक्षित भाषेची निवड आणि जुन्या भागांची वेळेवर दुरुस्ती, ही दोन्ही कामे बरोबरीने चालू ठेवावी लागणार आहेत.