छातीतली कळ आणि मिठाच्या पाण्याच्या बादल्या



कांदा काढणीच्या दिवसांत आमच्या गटातल्या एका ताईंच्या छातीत जळजळायला लागलं. दरदरून घाम, जबडा आणि पाठ भरून आलेली. आम्ही साऱ्याजणींनी मिळून निदान केलं, पित्त! ओवा दिला, सोडा दिला, पाठ चोळली. दवाखान्याचं नाव काढलं तर ताई म्हणाल्या, "म्हशीची धार कोण काढणार?" विंचूरहून नाशिकला पोचेपर्यंत रात्र झाली. ताई वाचल्या, पण हृदय दुबळं झालं. चूक आमचीच.

दुखणं हृदयाचं की पोटाचं, हे डॉक्टरांनाही पूर्वी धड कळत नसे. हॉलंडमधल्या लायडन शहरात विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हृदयातली वीज टिपणारं यंत्र केलं. तोच आपला ईसीजी. रोग्याचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून बसवायचं! यंत्र चालवायला पाच माणसं लागत आणि ते जागचं हलत नसे. म्हणून १९०५ साली रोगी दवाखान्यात, यंत्र दीड किलोमीटरवर आणि मध्ये टेलिफोनची तार, अशी तपासणी झाली.

तरी घाई कुणाला नव्हती. कितीतरी वर्षं झटक्यावर उपचार म्हणजे आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहणं. १९८८ मध्ये सतरा हजारांवर रोग्यांच्या अभ्यासातून दिसलं, की ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळवणारं औषध दिल्यानं जीव वाचतात. औषध जितकं लवकर, तितका फायदा जास्त. मग घड्याळाला किंमत आली.

ब्रिटनमध्ये २००० सालच्या सरकारी आराखड्यात छातीदुखीची वेगळी, झटपट ओपीडी आली. दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञांनी तपासायचंच. पण ती कुणासाठी? हंडा उचलताना, चढ चढताना छातीत नव्यानं दुखायला लागलं आणि थांबलं की जातं, अशांसाठी. बसल्याजागी दुखतंय, थांबत नाही, घाम फुटलाय, दम लागतोय, त्यांनी ओपीडीची वाट बघायची नाही. त्यांच्यासाठी १०८. आपल्या राज्यात ही गाडी २०१४ पासून आहे, पैसे पडत नाहीत.

आता 'स्टेमी' या सरकारी कार्यक्रमात काही रुग्णालयांतून ईसीजी काढल्याबरोबर इंटरनेटवरून तज्ज्ञांकडे जातो. लायडनची तीच तार, फक्त लांब झाली.

आमच्या गटाच्या वहीत शेवटच्या पानावर नवी यादी आहे: कुणाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तर कुणाच्या म्हशीची धार कुणी काढायची.