माडीवरचा कुत्रा

शहरांतील बिऱ्हाडांत कुत्रा आणावयाचा असें ठरलें, कीं घरांतील मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : तो केवढा होईल ? ब्लॉक दोन खोल्यांचा, सज्जा हातभर, आणि जिना तर शेजाऱ्यांचाही. तेव्हां कुत्रा लहान हवा, हें उत्तर प्रश्न पुरा होण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. शिंगराएवढा वाढणारा ग्रेट डेन आणि मांडीवर मावणारा पग यांमध्यें निवड करावयाची तर हातांत गजपट्टी असली कीं पुरे, असा हा हिशेब आहे. परंतु कुत्र्यांच्या जातींचा इतिहास चाळूं लागल्यास ही गजपट्टी फारशी उपयोगी पडत नाहीं. कोणती जात कोणी, कोठें आणि कशासाठीं घडविली, हें पाहिल्यावर माडीवर सुखानें कोण राहील आणि कोण कुढत राहील, याचा पुष्कळच उलगडा होतो.

कुत्रा माणसाच्या सोबतीला येऊन चौदा हजार वर्षांहून अधिक काळ लोटला. पण ज्याला आज ‘जात’ म्हणतात, ती वस्तु त्या मानानें कालची आहे. इंग्लंडांत न्यूकॅसल येथें १८५९ सालीं कुत्र्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां तेथें फक्त शिकारी जातींचे कुत्रे मांडले होते. लंडनचा केनेल क्लब निघाला १८७३ सालीं. वंशावळीची वही, अंगलक्षणांचें परिमाण, पदकें आणि परीक्षक हें सर्व त्या सुमाराचें. त्यापूर्वीं कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे. बिळांत शिरणारा तो टेरियर, मेंढरें वळणारा तो धनगरी कुत्रा, सशामागें धांवणारा तो ग्रेहाऊंड. ज्याला कांहींच काम नाहीं असा कुत्रा ठेवणें ही राजवाड्यांतील चैन होती. चीनच्या दरबारांतील पेकिनीज हें तिचें प्रसिद्ध उदाहरण. १८६० सालीं इंग्रज व फ्रेंच फौजांनीं पेकिंगजवळचा बादशाही उन्हाळी महाल लुटला, तेव्हां तेथें सांपडलेला या जातीचा एक कुत्रा राणी व्हिक्टोरियाला नजर करण्यांत आला, आणि राजवाड्यांत त्याचें नांव ठेवण्यांत आलें ‘लूटी’. लुटीच्या मालाला इतकें प्रांजळ नांव क्वचितच मिळालें असेल.

ही दरबारी चैन सामान्य गृहस्थाच्या घरीं आली ती शहरांतील उंच इमारतींमुळें. आणि हा फरक पॅरिस शहरांत जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र दिसत नाहीं. १८५३ पासून पुढें सतरा वर्षें ऑस्मान या अधिकाऱ्यानें जुनें पॅरिस उकरून काढलें आणि रुंद रस्त्यांच्या दुतर्फा पांच-सहा मजल्यांच्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. अंगण गेलें, परसू गेलें. माणसें एकावर एक रचल्यासारखीं राहूं लागलीं. याच काळांत, १८५५ सालीं, फ्रान्सांत कुत्र्यांवर कर बसविणारा कायदा झाला. त्या कायद्यानें कुत्र्यांचे दोन वर्ग केले : शिकारीचे किंवा हौसेचे ते एक, आणि राखणीचे ते दुसरे. हौसेच्या कुत्र्यावर कर जास्त, राखणीच्या कुत्र्यावर कमी. चौथ्या मजल्यावरील बिऱ्हाडांत कोचाखालीं झोंपणारा प्राणी यांपैकीं कोणत्या वर्गांत घालावयाचा ? तो राखण तरी कशाची करणार ? खालच्या दाराशीं पहारेकरीण बसलेलीच होती. कर वसूल करणाऱ्या सरकारनें नकळत एक मोठा प्रश्न विचारला होता : या कुत्र्याचें काम काय ?

त्याचें उत्तर घेऊन आला एक परदेशी कुत्रा. इंग्लंडांत बैलांशीं कुत्र्यांच्या झुंजी लावण्याचा खेळ १८३५ च्या कायद्यानें बंद झाला आणि बुलडॉगचा धंदा बुडाला. नॉटिंगहॅम परगण्यांतील लेस विणणाऱ्या कारागिरांनीं या जातीचे लहान अंगलोटाचे कुत्रे हौसेनें पाळले होते. पुढें यंत्रांनीं त्यांच्या पोटावर पाय आणला, तेव्हां त्यांतील बरेच कारागीर खाडी ओलांडून कॅले व नॉर्मंडीच्या बाजूला गेले. तेथें लेसच्या धंद्याला अद्यापि बरे दिवस होते. सामानासुमानाबरोबर कुत्रेही गेले. इंग्लंडांतील पैदास करणाऱ्यांना असे खुजे आणि उभ्या कानांचे बुलडॉग टाकाऊ वाटत. फ्रान्सांत त्यांना गिऱ्हाइक होतें, म्हणून तेही खाडीपार जाऊं लागले. तेथल्या स्थानिक कुत्र्यांशीं त्यांचा संकर झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत पॅरिसच्या खाटिकखान्यांत, खानावळींत आणि लहानसहान दुकानांत वटवाघळासारख्या उभ्या कानांचा, चपट्या तोंडाचा, आडव्या छातीचा एक गंभीर प्राणी बसलेला दिसूं लागला. चित्रकार टूलूझ-लोत्रेक यानें १८९७ सालीं एका खानावळवालीच्या ‘बूबूल’ नांवाच्या अशाच कुत्र्याचें चित्र काढलें आहे. दुकानांतून तो नाटकवाल्या बायकांच्या घरीं गेला, तेथून श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत. अमेरिकन धनिकांना तर त्याचें इतकें वेड लागलें कीं, त्याचे कान उभे असावेत कीं दुमडलेले, या वादावरून त्यांनीं न्यूयॉर्कमध्यें १८९८ सालीं एका बड्या हॉटेलांत स्वतःचें निराळें प्रदर्शन भरविलें. कानांचा वाद उभ्या कानांनीं जिंकला. नाकाविषयीं मात्र त्या वेळीं कोणी वाद घातल्याचें ऐकिवांत नाहीं. आणि खरा प्रश्न नाकाचाच होता.

माडीवरच्या घरासाठीं म्हणून कोणी जात घडविली असेल तर ती ही. हा फ्रेंच बुलडॉग फारसा भुंकत नाहीं, फार धांवत नाहीं, लहान जागेंत गुण्यागोविंदानें राहतो, आणि त्याचें काम म्हणजे माणसाजवळ बसणें, एवढेंच. म्हणूनच २०२२ सालीं अमेरिकेच्या नोंदणींत त्यानें एकतीस वर्षें पहिल्या जागीं असलेल्या लॅब्रॅडॉरला खालीं ओढलें. परंतु या गुणांबरोबर त्याला जें मिळालें तेंही पाहिलें पाहिजे. चपटा चेहरा, पुढें आलेले मोठे डोळे आणि गोल डोकें यांत माणसाला तान्हें मूल दिसतें, म्हणून पिढ्यान्पिढ्या चेहरा अधिकाधिक चपटा निवडला गेला. हाडें आंखूड झालीं. त्यांच्या आंतील टाळू, जीभ आणि नाकपुडीचें मांस मात्र त्या मानानें कमी झालें नाहीं. बारा बिऱ्हाडांचें सामान एका खोलीत कोंबावें तशी आंत दाटी झाली. असा कुत्रा घोरतो तें मौजेनें नव्हे. त्याला हवा पुरत नाहीं. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकून, जिभेवरील आणि नाकाच्या आंतील ओलाव्याची वाफ करूनच तो शरीर थंड ठेवतो. नाकच नाहींसें झालें, तर उन्हाळ्यांत त्यानें निवावें कसें ? शिवाय पिलांचीं डोकीं मोठीं आणि मातेची कंबर अरुंद, यामुळें या जातींत बहुतेक बाळंतपणें पोट चिरूनच करावीं लागतात.

हें असेंच होणार होतें असें मात्र नाहीं. इंग्रज चित्रकार होगार्थ यानें १७४५ सालीं स्वतःचें चित्र काढलें आणि त्यांत आपला ‘ट्रम्प’ नांवाचा पगही पुढें बसविला. तें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. त्यांतल्या पगला चांगलें दिसण्याजोगें नाक आहे, पायही लांब आहेत. आजच्या पगशेजारीं तो ठेवला तर पाहणारा त्याला दुसऱ्याच जातीचा समजेल. चेहऱ्याची ही नासाडी प्रदर्शनांच्या काळांत झाली. आतां तिच्याविरुद्ध कायदेही पुढें सरसावले आहेत. नेदर्लंड्सनें ठराविक मापाहून आंखूड नाकाच्या कुत्र्यांची पैदास रोखली आहे. नॉर्वेंत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. तेथें २०२३ सालीं कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या मांडीवरच्या कुत्र्याची पैदास बेकायदा ठरली, इंग्लिश बुलडॉग मात्र त्या निकालांतून निसटला.

आतां उरलेल्या लहान कुत्र्यांचें काय ? येथेंच गजपट्टीचा खरा दगा आहे. जॅक रसेल टेरियर गुडघ्याएवढाही नसतो. पण रेव्हरंड रसेल या इंग्लंडांतील शिकारवेड्या पाद्र्यानें तो कोल्ह्याला बिळांतून बाहेर काढण्यासाठीं जोपासला. दिवसभर घोड्यांमागें धांवावें, बिळांत शिरावें आणि आंतून भुंकून धन्याला ठिकाण कळवावें, ही त्याची नोकरी. डॅक्सहुंड हा जर्मनींतील बिज्जूच्या शिकारीचा कुत्रा. त्याचा आवाज जमिनीखालून वर ऐकूं यावा असाच आहे. ब्लॉकच्या पातळ भिंतीपलीकडे तो ऐकूं आला तर दोष कोणाचा ? याउलट ग्रेहाऊंड पाहावा. उंची कमरेला लागणारी. काम मात्र क्षणांचें. विजेसारखी एक धांव, आणि मग तासन्तास झोंप. मँचेस्टरला १९२६ सालीं यांत्रिक सशामागील शर्यती सुरू झाल्या आणि त्यानंतर शर्यतींतून निवृत्त झालेल्या हजारों ग्रेहाऊंडांना घरें शोधण्याची वेळ आली. तेव्हां या लांब पायांच्या जनावराला कोच किती प्रिय आहे याचा पश्चिमेकडील शहरांतील कुटुंबांना शोध लागला.

अर्थात् जातीवरून स्वभाव सांगणें हें पंचांगावरून पाऊस सांगण्यासारखें आहे. २०२२ सालीं ‘सायन्स’ या नियतकालिकांत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींत एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागणुकींतील फरकाचा केवळ नऊ टक्के भाग जातीमुळें समजावून सांगतां आला. शांत टेरियर असतो आणि भांडखोर फ्रेंच बुलडॉगही असतो. पण नाकाचें तसें नाहीं. स्वभावाचा अंदाज चुकूं शकतो. आंखूड नाक घेऊन आलेलें पिलूं तें नाक जन्मभर वागवितें.

मुंबई-पुण्याच्या घरांत ही गोष्ट विशेष जाचक ठरते. येथील पांढरा, झुबकेदार शेपटीचा स्पिट्झ पुष्कळांच्या आठवणींतला असेल. १९८० नंतरच्या दोन दशकांत चाळींपासून ब्लॉकांपर्यंत तो सर्वत्र होता. लोक त्याला सर्रास ‘पॉमेरियन’ म्हणत, आणि १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांत तर तो क्रिकेटचा पंचही झाला. त्याचा कंठ कर्कश, जिन्यावर पाऊल वाजलें कीं तो घर डोक्यावर घेई. परंतु त्याला लांब नाक होतें, घरचें अन्न चाले आणि येथील हवा मानवे. मग २००३ सालीं एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातींत लहान मुलामागून जाणारा पग दिसला आणि शहरोशहरीं पगची मागणी सुरू झाली. वैशाखांतल्या दमट दुपारीं त्या पगचें काय होतें, हें जाहिरातींत दाखविलें नव्हतें. वीज गेली कीं ओलें फडकें घेऊन त्याच्याजवळ बसावें लागतें, हें नंतर घरोघर कळलें.

संस्थेच्या सभेंत ‘मोठा कुत्रा चालणार नाहीं’ असा ठराव करण्याची हौसही याच गजपट्टीच्या पोटची. कायदा तिला साथ देत नाहीं. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें बहुमताच्या जोरावरही पाळीव कुत्र्यांना इमारतींत मज्जाव करतां येत नाहीं. केरळच्या उच्च न्यायालयानेंही २०२१ सालीं असे निर्बंध घटनाबाह्य ठरविले. परदेशांत याहून कडक प्रकार झाले आहेत. आइसलंडची राजधानी रेक्याविक हिनें १९२४ सालीं शहरांत कुत्रा पाळण्यालाच बंदी केली आणि ती साठ वर्षें टिकली.

मुंबईचें कुत्र्यांशीं असलेलें नातें मात्र याहून निराळें आहे. १८३२ च्या जूनमध्यें कंपनी सरकारचे शिपाई इनामाच्या लोभानें रस्त्यावरचे कुत्रे मारीत सुटले, तेव्हां कुत्र्याला पवित्र मानणाऱ्या पारशी समाजानें कोटांतील व्यवहार बंद पाडले. ज्या कुत्र्यांसाठीं हा दंगा झाला ते कोणत्याच वहींत नोंदलेले नव्हते. त्यांचे वंशज आजही त्याच गल्ल्यांतून फिरतात. या गांवठी कुत्र्याला कोणत्याही परीक्षकानें घडविलें नाहीं. उन्हानें, पावसानें आणि माणसांच्या वस्तीनें घडविलें. अंगावर आंखूड केस, लांब नाक, मध्यम बांधा. परक्याविषयीं तो संशयी असतो, म्हणून जिन्यावरच्या वर्दळीची संवय त्याला पिलूंपणींच लावावी लागते. त्याला रोजचें फिरणेंही चुकत नाहीं. पण भर दुपारीं तो फरशीवर अंग पसरून मुकाट्यानें पडून राहतो, आणि ऊन कललें, खालीं भाजीवाल्याची हांक आली, कीं उठून दाराशीं जाऊन उभा राहतो. त्याच्या पूर्वजांचा दिवस त्याच वेळीं सुरू होत असे.